वजाबाकीचं पोषणमूल्य

अन्न तोंडाने खाल्लं जातं हा एक जुना आणि अडाणी गैरसमज आहे. सुधारलेल्या समाजात अन्न आधी प्रयोगशाळेत तपासलं जातं, मग तो तपास डब्यावर छापला जातो, मग त्या डब्याकडे बघून माणसाला बरं वाटतं, आणि त्यानंतर काही उरलंच तर ते पोटात जातं. यातलं पहिलं काम आमच्या प्रयोगशाळेचं, दुसरं कारखान्याचं, तिसरं तुमचं. शेवटच्याची जबाबदारी अजून कोणी घेतलेली नाही.

मी या प्रयोगशाळेचा प्रसिद्धी अधिकारी. आकडे गोड करून सांगणं हे माझं काम, असं लोकांना वाटतं. छे! आमचे आकडे गोडच येतात. मी फक्त वाढपी.

ते कसे येतात हे समजून घ्यायचं तर आधी आमच्या ‘अ’ जीवनसत्त्व विभागात यावं लागेल. जरा जपून या. हे जीवनसत्त्व मोठं नाजूक, उजेड लागला की नासतं. म्हणून तिथल्या खिडक्यांना काळा रंग फासलेला आहे आणि छताला एकच पिवळा दिवा आहे, तोही इतका मिणमिणता की तो चालू आहे की बंद हे बघायला बॅटरी लागावी (बॅटरीला आत बंदी आहे). अनुभवी मंडळी भिंतीला हात लावून चालतात, नवखी मंडळी टेबलाला गुडघा लावून.

इथे काय येत नाही! पीठ येतं, दूध येतं, बिस्किटं येतात, माणसाचं रक्त येतं, मेलेल्या जनावराच्या काळजाचा तुकडा येतो. जे येईल ते उकळायचं, धुवायचं, आटवायचं आणि उरेल ते यंत्रात घालायचं. आता एवढ्या धुलाईत थोडं जीवनसत्त्व वाया जाणारच. किती गेलं, हे कळायला शास्त्राने एक साधी युक्ती काढली आहे. कपाटातल्या तपकिरी बाटलीत शुद्ध जीवनसत्त्व असतं. त्यातलं ठरावीक आपण सुरुवातीलाच नळीत घालायचं. शेवटी त्यातलं किती हाती लागलं ते बघायचं, म्हणजे वाटेतली गळती समजते. आणि मग आपण घातलं होतं तेवढं उत्तरातून वजा करायचं. घालायचं, मोजायचं, वजा करायचं. शाळकरी पोराला जमेल.

यातलं वजा करायचं तेवढं आम्ही बंद केलं.

आधीच्या संचालकांच्या काळात वजाबाकी होत असे आणि तिचे परिणाम भयंकर होते. बिस्किटांत काही निघत नसे. दुधात निघे, पण सांगण्यासारखं नाही. कारखानदार मंडळी तोंडात मारल्यासारखे चेहरे करून जिना उतरत. मग सध्याचे साहेब आले. साहेब शास्त्रातले नाहीत (ते आधी बंदरखात्यात होते), म्हणूनच त्यांना जे दिसलं ते शास्त्रातल्या कोणाला दिसलं नव्हतं. पहिल्याच सभेत त्यांनी मुख्य रसायनतज्ज्ञांना विचारलं, की बाटलीतलं नळीत घालतं कोण? आम्हीच. मेहनत लागते? लागते तर, हात दुखतात. मग साहेब म्हणाले, “आपल्याच मेहनतीवर आपणच पाणी सोडायचं? हा कुठला शहाणपणा?”

मुख्य रसायनतज्ज्ञांनी चष्मा पुसला, परत लावला आणि या म्हणण्यात तथ्य आहे असं सांगितलं. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं.

त्या एका सभेने जेवढं पोषण निर्माण झालं, तेवढं जगातल्या सगळ्या गाईम्हशींना मिळून जमलं नसतं. लोणी: भरपूर. पाव: भरपूर. टेबलावरून चुकून नळीत पडलेलं खोडरबर: भरपूर. निव्वळ शुद्ध पाणी: भरपूर. या शेवटच्यावर एका कनिष्ठ रसायनतज्ज्ञ बाईंनी आक्षेप घेतला. पाण्यात जीवनसत्त्व निघतंय म्हणजे ते आपणच घातलंय, असा त्यांचा एकंदर सूर होता. साहेबांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांची कोंडा विभागात बदली केली. पाण्याच्या दर्जात समाधानकारक सुधारणा झाल्याचं पत्रक मी त्याच आठवड्यात काढलं.

आता मुद्द्यावर येतो, कारण या सुरळीत कारभारात माझ्या सख्ख्या बहिणीने खो घातला.

माझी ताई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी ठकी तिथेच राहतात. मुलांना सकाळ-संध्याकाळ एका भुकटीची लापशी मिळते. भुकटी आमच्याच शिक्क्याची. तिच्या पोत्यावर एक डोळा छापलेला आहे, चांगला टपोरा, आणि खाली लिहिलं आहे: ‘दृष्टीला बळ’. हे शब्द माझे.

ताईचं म्हणणं असं, की ठकीला दिवेलागणीला दिसत नाही. दिवसा ठीक असते, चिंध्यांची बाहुली शिवते, सुईत दोरा ओवते. पण सूर्य खाली गेला की ताटाऐवजी ताटाशेजारी हात घालते, दारातून जाताना चौकटीवर आपटते. आणि ती एकटी नाही, बरीच मुलं तशीच.

वसतिगृहाच्या अधीक्षकांना हे माहीत होतं, पण त्यांना ते उलट्या, म्हणजे चांगल्या बाजूने माहीत होतं. संध्याकाळी मुलं एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून एका रांगेत जेवायला जात. कोणी पळत नसे, कोणी ढकलत नसे. पाहुणे आले की अधीक्षक ही रांग मुद्दाम दाखवत. अशी शिस्त त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती म्हणे.

दवाखान्यातल्या डॉक्टरने ठकीला बघितलं आणि रातांधळेपणा आहे असं सरळ सांगून टाकलं. पोरगेला डॉक्टर, अजून नोकरीत मुरलेला नव्हता. ताईला म्हणाला, असंच चालू राहिलं तर बुबुळावर फूल पडेल, मग दिवसाही दिसणार नाही. औषधाचे थेंब कपाटात होते. पण नियम असा, की रक्तात जीवनसत्त्व कमी असल्याचा आमचा दाखला असेल तरच कपाट उघडायचं. नियम चांगलाच आहे, नाहीतर लोक उगाच बरे होतील.

रक्त आमच्याकडे आलं. उकळलं, धुतलं, आटवलं, बाटलीतलं घातलं आणि मोजलं. निकाल: भरपूर.

ताई ठकीला घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. मी तिला समजावत होतो, की शास्त्रापुढे आईच्या डोळ्यांना किंमत नसते, पण ती कसली ऐकते! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. शेवटी साहेब स्वतः म्हणाले, पोरीला आत न्या, चालवून बघा. ठकीला अंधाऱ्या खोलीत नेलं. ती भिंतीला हात लावून चालली. तिथले सगळेच भिंतीला हात लावून चालत होते. साहेबांनी स्वतःचा गुडघा चोळत नोंद करायला सांगितली, की मुलीचं चालणं आमच्या तज्ज्ञांपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी नाही.

तेवढ्यात एका रसायनतज्ज्ञाने सवयीने तपकिरी बाटली उचलली आणि समोरच्या नळ्यांत एकेक थेंब सोडायला सुरुवात केली. ताईने विचारलं, हे काय घालताय? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. ताई माझ्याकडे वळून म्हणाली,

“अरे, त्या नळ्यांत ओतताय ते हिच्या तोंडात ओता की.”

मी तिला सांगितलं, की ते मोजण्यासाठी असतं, खाण्यासाठी नव्हे. हे खरंच आहे, त्यात नको ती द्रावणं असतात. पण मी ते ज्या आवाजात सांगितलं तो माझ्या रोजच्या आवाजापेक्षा बारीक आला. ठकीने माझा हात शोधायला हात पुढे केला होता आणि तो माझ्या हातापासून वीतभर लांब हवेत फिरत होता. मला वाईट वाटलं. अधिकाऱ्यांना वाईट वाटण्याबाबत कोणताही नियम नाही, म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

ताईने मग नियमाबाहेरचा मार्ग धरला, म्हणजे पोरीला खायला घातलं. त्या पोरगेल्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे काळीज, अंड्याचा बलक, हिरवा पाला, पिकलेला भोपळा. त्यातलं एकही शिक्क्याचं नव्हतं. काही आठवड्यांनी ठकी संध्याकाळी अंगणात उभी राहून भिंतीवरची मांजर दाखवायला लागली.

आम्ही कर्तव्य म्हणून तिचं रक्त पुन्हा तपासलं. आधी तिच्या रक्तात फक्त आमचं जीवनसत्त्व होतं, आता आमचं अधिक तिचं. काटा शेवटच्या खुणेच्या पलीकडे जाऊन टेकला. निकाल: धोकादायक अतिरेक. उपाय: काळीज, बलक, पाला, भोपळा ताबडतोब बंद. फक्त भुकटी. म्हणजे जोवर पोरगी आंधळी होती तोवर ती निरोगी होती, आणि दिसायला लागल्याबरोबर आजारी पडली. ताईने तो कागद वाचला आणि चुलीत घातला. अधीक्षकांनी तिला धारेवर धरलं, की आदेश पाळा, नाहीतर खोली रिकामी करा. त्यांनी तिला फक्त आमच्या समारंभापर्यंत मुदत दिली.

समारंभ म्हणजे अचूकतेसाठी आम्हाला मिळालेल्या मानचिन्हाचा. गावातलं मोठं सभागृह घेतलं होतं. कारखानदार, डॉक्टर, शिक्षक, प्रतिष्ठित कुटुंबं, एकूण शिक्क्याचं खाणारी सगळी मंडळी आली होती. वसतिगृहाची मुलं गाणं म्हणायला आणली होती, आणि ताई त्यांना सांभाळायला. ठकी माझ्या शेजारी बसली होती. दिवेलागणीच्या सुमाराला साहेब बोलायला उभे राहिले, आणि “अंधारातून प्रकाशाकडे” एवढं म्हणाले असतील नसतील तोच वीज गेली.

काय सांगू तुम्हाला! मिट्ट काळोख. साहेबांनी मानचिन्ह समजून पाण्याचा तांब्या उचलला. प्रमुख पाहुणे खुर्चीच्या शेजारी बसले आणि तिथेच राहिले. नवे मुख्य रसायनतज्ज्ञ भिंत शोधत होते, पण ही भिंत ओळखीची नव्हती. कोणाचा तरी बूट माझ्या पोटरीवर बसला. बायका मुलांना हाका मारत होत्या, मुलं भलत्याच बायकांना बिलगत होती. माझी पाचावर धारण बसली. मी हात पुढे करून चाचपडत होतो आणि माझा हात हवेत फिरत होता.

तो ठकीने धरला.

“मामा, असं काय करतोस?” ती म्हणाली. “एवढा उजेड तर आहे.”

मी विचारलं, कुठे आहे? ती म्हणाली, खिडक्यांतून येतोय की, आभाळ अजून निळं आहे, तो बघ दरवाजा, ते बघ तुझे साहेब, टेबलाखाली आहेत. मी डोळे फाडफाडून बघितलं. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. मीही वर्षानुवर्षं शिक्क्याचीच बिस्किटं खातो.

पुढचं वसतिगृहाच्या मुलांनी केलं. त्यांना सवय होती. ठकी पुढे झाली, एकाने तिच्या झग्याचं टोक धरलं, दुसऱ्याने त्याच्या सदऱ्याचं, आणि त्या रांगेला एकेक करून कारखानदार, डॉक्टर, शिक्षक, साहेब, सगळे जोडले गेले. सगळं सभागृह एका पोरीच्या झग्याला धरून बाहेर आलं. कोणी पळालं नाही, कोणी ढकललं नाही. अधीक्षकांना गहिवरून आलं.

याचा योग्य तो तपास झाला. निष्कर्ष असा निघाला, की त्या दिवशीचा अंधार नेहमीपेक्षा जास्त दाट होता आणि त्याला वीजमंडळ जबाबदार आहे. मुलीला त्यातही दिसलं, हे अतिरेकाचं गंभीर लक्षण मानून तिला आणि तिच्या आईला वसतिगृहातून हलवण्यात आलं. त्या दोघी आता माझ्याकडे राहतात. वसतिगृहातल्या बाकी मुलांची लापशी चालू आहे आणि रांगही चालू आहे. ताई माझ्याशी बोलत नाही. मात्र माझ्या ताटात न विचारता पाला वाढते.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्या सभागृहात नव्हतोच. असेल बुवा. रांग लांब होती, माझ्यामागे कोण होतं ते मला दिसलं नाही. पण घरातला डबा उलटा करून बघा, शिक्का आहे ना? तुम्ही तो बघूनच डबा घेतला होता, आणि आत काय आहे हे आम्हाला कधी विचारलं नाही. आम्ही तरी कुठून सांगणार होतो? आता एक करा. उद्या संध्याकाळी आभाळ निळं असतानाच घरातले दिवे बंद करा आणि तुमच्या पोराला म्हणा, माझा हात धर. हात वीतभर लांब हवेत फिरला तर घाबरू नका. दिवा लावा आणि डब्यावरचा आकडा त्याला मोठ्याने वाचून दाखवा.