शिलाई मशीन, नग एक

"हुकूम जज्जसाहेब लिहितात, पण तो अमलात मी आणतो," असं आमचे बेलिफ घरी रोज ऐकवत. (घरात त्यांचं एवढंच वाक्य पुरं होऊ दिलं जाई.) त्यामुळे बायकोचं शिलाई मशीन बंद पडलं तेव्हा ते कुठे दुरुस्तीला टाकायचं, हेही त्यांनीच ठरवलं आणि स्वतः टाकून आले.

आठवड्याने त्या दुरुस्तीच्या दुकानाच्या जागामालकाने भाडेकरू दुकानदाराविरुद्धचा दावा जिंकला. दुकान मालासकट बंद करायचा हुकूम निघाला. बेलिफांनी माल मोजला, यादी लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या, कुलपावर लाखेचं सील लावलं आणि ऐटीत घरी आले. बायकोने विचारलं, मशीन कधी मिळणार? तेव्हा कुठे त्यांना उमगलं, मशीन त्यांनीच सील केलेल्या दुकानात होतं. कामाच्या भरात या माणसाला बायकोच आठवत नसे, तिचं मशीन कुठून आठवणार?

तिला शनिवारी शाळेच्या बँडचे बारा गणवेश शिवून द्यायचे होते. कापड कापून पडलेलं. बेलिफांची आई म्हणाली, सील तूच लावलंस, तूच काढ. इथे मात्र एरवी बोटचेपे असलेले बेलिफ ताठ राहिले. कोर्टाच्या हुकमाशिवाय सील निघणार नाही, घरच्यांसाठी तर नाहीच नाही. बायको संतापली. तिला त्यांचा अभिमानही वाटला, पण तो तिने डब्यात झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची पावती घेऊन ती वकिलाशिवाय कोर्टात उभी राहिली. जज्जसाहेबांनी यादी वाचली, "शिलाई मशीन, नग एक. जुनं, निरुपयोगी."

"त्या निरुपयोगी मशीनवर अकरा वर्षं यांचे शर्ट शिवतेय," ती म्हणाली. "आज अंगात आहे, तोसुद्धा."

बेलिफ कॉलर चाचपू लागले. मशीन परवाच दुरुस्त झालंय, असं दुकानदारानेही सांगितलं. हुकूम निघाला: बेलिफने मशीन आजच अर्जदाराच्या घरी पोचवावं आणि पोच आणावी.

मशीन खांद्यावर घेऊन बेलिफ चार जिने चढले. हुकूम अमलात कोण आणतं, हे त्या दिवशी त्यांच्या कमरेलाही कळलं. बायकोने दारातच मशीन चालवून पाहिलं आणि मगच पोच लिहून दिली. ती जज्जसाहेबांनी भर कोर्टात वाचली:

"शिलाई मशीन, नग एक, उत्तम स्थितीत मिळालं. सोबत नवरा, नग एक. जुना, पण प्रामाणिक. दुरुस्ती घरीच करून घेऊ."