शंभर टक्के डुक्कर

हर्शल प्रुइट आयुष्यात एकदाच छातीठोकपणे बोलला, आणि तेही डुकराबद्दल.

एरवी त्याच्या बोलण्यात "बहुधा", "असावं", "असं म्हणतात खरं" यांचीच वर्दळ असे. सायप्रस बेंडच्या वाचनालयात त्याने सारी नोकरी केली. कोणी विचारले, "हे पुस्तक चांगलं आहे का हो?" तर तो म्हणे, "काही लोकांना आवडतं." टेक्ससच्या त्या भागात गाय, बंदूक आणि हवामान या तीन गोष्टींवर माणसाला ठाम मत असावे लागते. हर्शलला तिन्हींपैकी एकावरही नव्हते. म्हणून गुरांच्या खाद्याच्या दुकानात सकाळी कॉफीला मंडळी जमत, तेव्हा तो जरा मागे, मक्याच्या पोत्यावर बसे.

त्या सकाळी ओलेटाबाई फुक्स कोंबड्यांचे खाद्य घ्यायला आल्या आणि पोते उचलायच्या आधीच म्हणाल्या, "काल माझे आयरिसचे सगळे कंद उकरून काढले मेल्यांनी. कुरण तर नांगरल्यासारखं झालंय. दिवसा ही रानडुकरं दिसत नाहीत, आणि अंधार पडला की मला दिसत नाही. बंदुकीवर ती अंधारात अंगाची ऊब दाखवणारी दुर्बीण बसवतात ना, ती घ्यायचीय. कुठली घेऊ तेवढं सांगा. बाकी मी बघते."

"बाकी मी बघते" यावर कोणी हसले नाही. नवरा गेल्यापासून ओलेटाबाईंच्या खुराड्यापर्यंत आलेला एकही कोल्हा परत गेलेला कोणी पाहिला नव्हता.

"माझ्यासारखी घ्या," डॉइल केटनर लगेच म्हणाला. डॉइलच्या प्रत्येक वस्तूवर, अगदी टोपीवरसुद्धा, ती महाग आहे हे दिसेल अशी काहीतरी खूण असे. "डुकराच्या पापण्या मोजता येतात त्यात."

"पापण्या मोजून काय करायच्यात?" लॉनी म्हणाला. लॉनी डॉइलचा मेव्हणा. त्याची दुर्बीण स्वस्तातली होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. "माझ्यातलं डुक्कर काय कमी मरतं?"

"तुझ्यात डुक्कर आणि टपालपेटी यांतला फरक कळत नाही."

"टपालपेटी एकदाच झाली ती. आणि तेव्हा धुकं होतं."

तेव्हा पोत्यावरून आवाज आला, "मी सांगतो."

सगळे वळले. आपण कोणाला बघायला वळलो आहोत हे कळायलाही त्यांना जरा वेळ लागला.

"दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, एकच जनावर, एकाच अंतरावरून बघायचं," हर्शल म्हणाला. "ठिपके किती, पडदा कसा, काच कशी, थोडासा ऊबदारपणा वेगळा दाखवते की सगळं एकच पांढरं करते. मी वाचलंय त्यावर. बरंच. दोघांनी आपापली दुर्बीण आणा. कोणती चांगली ते मी नक्की सांगतो, ओलेटाबाई."

"नक्की" हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा तो स्वतःही जरा दचकला.

खरे म्हणजे ओलेटाबाईंनी वसंतात एकदा ओसरीवर डुकरांचा विषय काढला होता, तेव्हापासून हर्शल चोरून वाचत होता. निवृत्त झाल्यावरही तो दर आठवड्याला त्यांच्याकडे पुस्तके पोचवी. त्या लिंबाचे सरबत देत, पुस्तकातला न आवडलेला भाग सांगत, आणि तो "काही लोकांना आवडतं" म्हणून परत येई. या बाईंच्या एखाद्या कामी आपण यावे, इतकीच त्याची इच्छा होती. ती इतकी लहान होती की ती पुरी करायला इतका खटाटोप लागेल असे कोणालाही वाटले नसते.

"ठीक आहे," ओलेटाबाई म्हणाल्या. "हर्शल सांगतील ती मी घेईन. शनिवारी या तिघं. दिवस मावळला की बघून घ्या, मग जेवायलाच थांबा. कुठं उभं राहणार?"

"उत्तरेच्या तळ्यावर," डॉइल म्हणाला.

"मग मी तिकडं फिरकत नाही."

शनिवारी सूर्य टेकडीआड गेला तेव्हा डॉइलची गाडी उत्तरेच्या तळ्याकडे निघाली होती. हर्शलने ती थांबवली.

"तळ्यावर चुनखडीचे खडक आहेत. दिवसभर तापतात आणि अंधार पडला तरी ऊबदार राहतात. दुर्बिणीत प्रत्येक दगड ससा दिसेल. चित्राचा कस नाही लागणार. पश्चिमेच्या फाटकाजवळ उंचवटा आहे, तिथून ओढ्याच्या बाजूला बघू. नुसतं गवत आणि पेकानची झाडं."

"प्रोफेसर, तुम्ही म्हणाल तिथं," डॉइल म्हणाला. त्याच्या बोलण्यात टवाळी होती, पण चाक त्याने वळवले. आपल्या सांगण्यावरून एक अख्खी गाडी वळते, हा अनुभव हर्शलला नवा होता.

"बाईंना कळवायचं का, जागा बदलली म्हणून?" लॉनीने विचारले.

"कशाला? त्या स्वयंपाकघरात असणार," हर्शल म्हणाला.

उंचवट्यावर गाडीच्या मागच्या फळीवर दोन तिपाया लावल्या. एकीवर डॉइलची रायफल आणि दुर्बीण, शेजारी लॉनीची. डॉइलच्या दुर्बिणीत चित्र आणि आवाज दोन्ही साठवायची आणि चित्र फोनवर दाखवायची सोय होती. आपला विजय पुराव्यासकट असावा म्हणून त्याने ती चालू करून ठेवली.

पहिली गाय. लॉनीच्या दुर्बिणीत ती दुधात भिजलेल्या पावासारखी दिसत होती. खाली चार काड्या टोचल्या होत्या म्हणून ती गाय समजायची. डॉइलच्या दुर्बिणीत मात्र तिचे कान हलताना दिसत होते, आणि नाक ओले नि थंड असल्यामुळे तेवढाच काळा ठिपका. हर्शल कितीतरी वेळ ते नाक पाहत राहिला. इतका स्पष्टपणा त्याने आयुष्यात कशात पाहिला नव्हता, स्वतःच्या मनात तर नाहीच.

"ऐक, लॉनी, तज्ज्ञ काय म्हणतात ते ऐक," डॉइल म्हणाला.

"माझ्यात पण दिसते की. गाय आहे हे आधी माहीत असलं की गायच दिसते."

मग हर्शलने दुर्बीण ओढ्याकडे वळवली.

पेकानच्या एका जाड बुंध्याशेजारी एक प्रचंड पांढरेशुभ्र धूड उभे होते. पिंपासारखे अंग. चार आखूड पाय. एका बाजूला डोके, अंगापेक्षाही जास्त तापलेले. दुसऱ्या बाजूला ताठ उभारलेले शेपूट.

"रानडुक्कर," तो कुजबुजला. "केवढं आहे."

लॉनीने आपल्या दुर्बिणीला डोळा लावला. "मला नुसता उजेडाचा गोळा दिसतोय. काय आहे ते काही सांगता येत नाही बुवा."

"तुला कसं सांगता येणार?" डॉइल खूश होऊन म्हणाला. "प्रोफेसर, नर की मादी?"

हर्शलने नीट पाहिले. संकोचाने त्याचे कान तापले, पण परीक्षकाने संकोच करून चालत नाही. "नर. मागच्या पायांच्या मध्ये… लोंबतंय. अगदी स्पष्ट."

"बघ. ते सुद्धा दिसतंय," डॉइल मेव्हण्याला म्हणाला.

"पण हलत कसं नाही ते?" लॉनी.

"म्हातारा नर धोक्याचा वास आला की खांबासारखा उभा राहतो. वाचलंय मी."

"आणि शेपटातून वाफ निघतेय की काय? मला गोळ्याच्या वर धुरकट दिसतंय."

"अंगातली उष्णता. एवढं मोठं जनावर आहे."

"मला मांस शिजल्याचा वास येतोय. ब्रिस्केटचा," लॉनी म्हणाला.

"तुला चर्चमध्येसुद्धा येतो," डॉइल म्हणाला आणि चित्र दाखवणारा फोन हर्शलच्या हाती देऊन त्याने रायफलीला खांदा लावला. मग, तो बाकी कसाही असला तरी शिकारी होता म्हणून, त्याने विचारले, "प्रोफेसर, खात्री आहे ना? शंभर टक्के?"

सबंध जन्मात हर्शलला ज्या शब्दांनी साथ दिली ते सगळे त्या क्षणी त्याच्या ओठांवर आले होते. पण समोर ते चित्र होते. चार पाय मोजता येत होते. एवढे स्वच्छ दिसत असताना "बहुधा" म्हणणे त्याला कृतघ्नपणाचे वाटले.

"शंभर टक्के," तो म्हणाला.

बार उडाला आणि ओढ्याकडून उत्तर आले: घण्ण. देवळातली घंटा वाजावी तसे.



"चिलखत घालून आलंय का ते?" लॉनीने विचारले.

"हाडाला लागली असेल. पडलं का?"

"नाही," फोनच्या पडद्याला चिकटलेला हर्शल म्हणाला. "तसंच उभं आहे."

"जखमी नर अंगावर येतो," डॉइल म्हणाला आणि त्याने दुसरी गोळी झाडली. या वेळी डुकराचे डोके उघडले. म्हणजे दारासारखे उघडले. पाठोपाठ त्याच्या पोटाखाली लोंबणारी वस्तू खाली पडली आणि दुर्बिणीचा सगळा पडदा पांढरा झाला. आता दुर्बिणीची गरजच नव्हती. ओढ्याकाठी पुरुषभर ज्वाळा दिसत होती.

"डुक्कर पेटताना मी पहिल्यांदाच बघतोय," डॉइल सावकाश म्हणाला.

मग पेकानच्या बुंध्याआडून एक आकृती बाहेर आली. हर्शलने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. चित्र उत्कृष्ट होते. एप्रनच्या नाड्या दिसत होत्या. कमरेवर ठेवलेले दोन्ही हात दिसत होते.

ते धावत खाली पोचले तेव्हा ओलेटाबाईंनी मातीने आग विझवत आणली होती. आडव्या पिंपाची, चार पायांची, एका टोकाला विस्तवाची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडे असलेली त्यांची मांस धुरावर शिजवायची भट्टी दोन्हीकडून आरपार झाली होती. खाली लोंबकळणारा चरबी निथळायचा डबा गवतात पडला होता. पहाटेपासून आत मुरत असलेल्या ब्रिस्केटला मधोमध भोक होते.

"कुणी ठरवलं हे डुक्कर आहे म्हणून?" त्यांनी विचारले.

डॉइल आणि लॉनी टोप्या काढून त्यांच्या आत बघू लागले.

"मी," हर्शल म्हणाला. "ओलेटाबाई, भट्टी परसात असते. नेहमी परसात असते."

"असते. पण मागच्या वेळी धुरानं तुम्हाला खोकला लागला होता. पानावरून उठून गेलात तुम्ही. म्हणून भाच्याला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं आणि इथं आणवली, वाऱ्याच्या पलीकडं. म्हटलं, आज हर्शलना नीट जेवता येईल."

बुंध्यापलीकडे टेबल मांडलेले होते. त्यावर चौकड्यांचे कापड, चार ताटल्या, घेवड्याचे दाणे, बटाट्याची कोशिंबीर आणि झाकून ठेवलेला पीचचा गोड पदार्थ. पहिला बार झाला तेव्हा त्या काटे मांडत होत्या. ते ऐकून डॉइल मटकन बाकावर बसला. डॉइल गप्प बसलेला लॉनीने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

जेवण त्यांनी सगळ्यांना वाढले. लॉनीने दोनदा घेतले, भोक टाळून. हर्शलला त्या दिवशी एकदाही खोकला आला नाही, आणि एक घासही खाली उतरला नाही.

पण गावाला असल्या गोष्टी पचायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत डॉइलला कंठ फुटला. खाद्याच्या दुकानात तो साठवलेले चित्र फोनवर सगळ्यांना दाखवू लागला. एक तर गंमत म्हणून, आणि दुसरे, काहीही झाले तरी त्याची दुर्बीण स्पष्ट दाखवते हे त्यातून सिद्धच होत होते. "नर… लोंबतंय… अगदी स्पष्ट," हा हर्शलचा आवाज आला की मंडळी मक्याच्या पोत्यांवर लोळत. हर्शलही मागे बसून हसल्यासारखे करी. त्याला वाटे, हसू दे. एवढ्यावर भागले हेच खूप.

एकदा असेच चालले असताना ओलेटाबाई आत आल्या. कोणीतरी बंद कर म्हणून खुणावले, पण त्या म्हणाल्या, "दाखव की. मी बघितलेलं नाही."

डॉइलने पहिल्यापासून लावले. त्या चष्मा लावून शांतपणे बघत होत्या. पहिल्या बाराच्या जरा आधी त्यांनी बोट ठेवले. "हे झाडाच्या कडेला पांढरं काय आहे?"

बुंध्याच्या काळ्या पट्टीला लागून एक बारीकसा पांढरा कोपरा दिसत होता. तो जरासा हलत होता. आणि त्याच वेळी फोनमधून हर्शलचाच आवाज आला, "तो कडेचा डाग सोडा. पडद्याचा दोष असतो तो. वाचलंय मी."

असे काही आपण बोललो होतो हे हर्शल विसरूनच गेला होता.

"ससा असेल," डॉइल म्हणाला.

"नाही," हर्शल उठून उभा राहिला.  "ससा नाही तो. ओलेटाबाईंचं कोपर आहे. सगळा वेळ दिसत होतं. दुर्बीण चांगली होती. मीच पाहिलं नाही."

 डॉइलने फोन खिशात घातला, आणि ते चित्र पुन्हा कधी कोणाला दाखवले नाही.

ओलेटाबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मग," दुकानदार काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाला, "दुर्बीण कुठली मागवू, बाई?"

"कुठलीच नको. कुंपणाची जाळी दे. जाड तारेची. आणि खांब."

त्यांनी गाडीचे मागचे दार उघडले. हर्शलने न सांगता जाळीच्या गुंडाळीचे एक टोक धरले. ती त्याला पेलत नव्हती, पण त्याने सोडली नाही.

"खांब किती खोल रोवावे लागतात हो डुकरांसाठी?" ओलेटाबाईंनी विचारले. "तुम्ही वाचलं असेल."

हर्शलने वाचले होते. त्यावर चार निरनिराळी मते होती आणि ती चारही त्याला पाठ होती.

"तुम्ही थांबा म्हणेपर्यंत खणतो," तो म्हणाला.