म्हैसासुराला देवी मिळेना

ओमकारच्या जगात आजवर कोणी कायदा मोडला नव्हता! हे तो स्वतःच सांगायचा, दर रविवारी, फासे मांडायच्या आधी.

हे जग काही खरं जग नव्हे. खऱ्या जगात ओमकार कल्याणच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि साहेबाला 'हो सर' म्हणायचा. पण रविवारी दुपारी शेणवे गावच्या घरी ओटीवर चटई पडली, की तो साक्षात ब्रह्मदेव! खेळच तसा होता. एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र घेऊन शिरायचं आणि फासे टाकत पराक्रम गाजवायचे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या, आपला वंश कोणता आणि पेशा कोणता. एल्फ, बुटके, ऑर्क हे वंश. योद्धा, जादूगार, वैद्य हे पेशे. कोणत्या वंशाला कोणता पेशा चालतो आणि कोणता नाही, याचं भलंमोठं पुराण ओमकारने मोबाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. तो त्याला 'लोर' म्हणायचा. त्याचा चुलतभाऊ दिपेश त्याला 'ओमकारची कटकट' म्हणायचा.

त्या रविवारी सारिका पहिल्यांदाच खेळायला आली. ही चार घरं पलीकडच्या अनंताकाकांची मुलगी, शहापूरला एका दवाखान्यात नर्स. तिच्यासाठी ओमकारने आधीपासूनच एक एल्फ जादूगार योजून ठेवली होती. एल्फ दिसायला सुंदर असतात, आणि हे वाक्य तिच्या तोंडावर बोलायची संधी तो कधीचा शोधत होता.

"मी ऑर्क घेते," सारिका म्हणाली. "ऑर्क वैद्य."

ओमकारचं ते सुंदर वाक्य घशातच राहिलं!

"अगं, ऑर्क म्हणजे काय माहितीये का? सुळे! हिरवी कातडी! हातात कुऱ्हाड!"

"माहितीये. मला तेच पायजे."

"लोरमध्ये बसत नाही! ऑर्कचा हात लागला की औषधाचं विष होतं. हजार वर्षांपूर्वीचा शाप आहे तो!"

"हजार वर्षांपूर्वीचा? तू मागच्या दिवाळीत लिहिलास ना?"

"लिहिला दिवाळीत. पण आहे हजार वर्षांपूर्वीचा!"

सारिका हसली नाही. "नाय म्हणायच्या आधी एकदा 'कसं काय' असं विचारायचं ना रे," ती म्हणाली. "ऑर्काची पोर वैद्य कशी झाली, कोण कोण आडवं आलं, हीच तर गोष्ट हाये."

"कायदा म्हणजे कायदा!" ओमकार म्हणाला. "उद्या कोणीही उठून काहीही होईल!"

"शाबास!" ओटीच्या कोपऱ्यातून आवाज आला.

तिथे ओमकारचे बाबा, कमळाकर, एका अजस्र मुखवट्याची जीभ लाल रंगाने रंगवत बसले होते. गावचा बोहाडा जवळ आला होता. मुखवटे बांधून देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचवायची, अशी ही गावची जत्रा. कोणतं सोंग कोणी घ्यायचं हे घराण्यावर ठरलेलं. गणपती एका घरचा, मारुती दुसऱ्या घरचा, देवी अनंताकाकांच्या घरची आणि तिच्या हातून मरणारा म्हैसासूर कमळाकरांच्या घरचा!

"सात पिढ्या आपन देवीच्या हातचा मार खाल्ला," बाबा ब्रश हलवत म्हणाले, "पन कदी बोललो का, औंदा मारुती होतो म्हणून? ज्याचं सोंग त्यानंच घ्यावं. पोराला कळलं रे, पोराला कळलं!"

सारिका उठली. "मग खेळा तुमी," असं म्हणून चपला घालून निघूनही गेली. आणि बाबा मात्र इतके खूष झाले, की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं: यंदा म्हैसासूर ओमकार!

आता खरी गोम अशी, की गेली कित्येक वर्षं ओमकार 'सुट्टी नाही' या एका मंत्रावर म्हैसासूर चुकवत आला होता. तो अवजड मुखवटा, त्याची ती शिंगं, आणि शेवटी सगळ्या गावासमोर उताणं पडायचं! त्याने हातपाय मारून बघितले.

"बाबा, मला नाच येत नाही."

"लोरमदी बसतंय."

"बाबा, माझी मान दुखते."

"कायदा म्हंजे कायदा. कोन म्हणालं व्हतं?"

आपल्याच दातांनी आपलेच ओठ चावल्यावर ओरडायचं कोणाकडे?

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ओमकारच्या डोक्यावर म्हैसासूर चढला. मुखवटा बांधताना बाबांनी पुन्हा एकदा नियम सांगितला, की एकदा गाठ मारली की देवीची तलवार लागेपर्यंत मुखवटा सोडायचा नाही. सोडला तर गावाला वर्षभर पीडा! ओमकारने मान डोलावली, तशी शिंगं मांडवाच्या खांबात अडकली आणि खांबावरचा भोंगा दिपेशच्या पायावर पडला.

संबळ वाजू लागला. म्हैसासूर नाचला. बरा नाचला! बायकांनी लहान पोरांना घाबरवण्यापुरता तरी नक्कीच. मग देवी यायची वेळ झाली.

देवी आली नाही.

म्हैसासूर पुन्हा नाचला. ऊन मांडवात उतरलं. मुखवट्याच्या आत एक मुंगी ओमकारच्या नाकावरून सावकाश फिरायला निघाली. पाणी प्यायची सोय नव्हती, म्हणून दिपेशने एका ज्यूसच्या पुड्याची नळी म्हैसासुराच्या लाल जिभेखालून आत सरकवली. राक्षस फ्रूटी पितो आहे हे बघून घाबरलेली पोरं खदाखदा हसू लागली!

"देवी कुठाय?" राक्षसाने आतून विचारलं.

"रविंद्र परसाकडे गेलाय," दिपेश म्हणाला. "पुन्हा."

रविंद्र म्हणजे सारिकाचा भाऊ, यंदाची देवी. देवीचं सोंग घेणाऱ्याने उपास धरायचा असतो. हा पठ्ठ्या आदल्या दिवशी टोकावड्याला सासुरवाडीला गेला आणि आग्रहाला बळी पडून तांबडा रस्सा तीनदा ओरपून आला! देवीच्या मनात काय होतं ते देवी जाणे, पण रविंद्रच्या पोटात आता काही राहत नव्हतं. अनंताकाकांचे गुडघे गेलेले. त्या घरात नाचणारा दुसरा पुरुष नव्हता.

पंच गोळा झाले. बाबा त्यांच्यात मुख्य. "थांबू," ते म्हणाले. "रविंद्राला बरं वाटस्तवर थांबू."

"कधीपर्यंत?" म्हैसासूर ओरडला.

"सांजच्यापरेंत व्हईल बरा."

सांजच्यापरेंत! ओमकारला त्या लाकडी अंधारात घेरी आली. आणि त्याच वेळी, डोळ्यांच्या दोन भोकांतून, त्याला मांडवाच्या कडेला सारिका दिसली. भावासाठी मीठ-साखरेचं पाणी घेऊन ती उभी होती, पण तिचं लक्ष त्या पाण्याकडे नव्हतं. संबळाच्या तालावर तिच्या पायाचा अंगठा मातीत देवीची पावलं टाकत होता. एकही चुकत नव्हतं.

"सारिकाला येतं!" ओमकार म्हणाला.

सगळे तिच्याकडे वळले. तिचा अंगठा थांबला.

"बाईमानसानं मुखवटा बांधायचा नाय," बाबा म्हणाले. "ठरलेलं हाये."

"बाबा, देवी कोण? बाईच ना? इतकी वर्षं मिशीवाली देवी चालली, आणि—"

"तू गप! तूच म्हणालास, उद्या कोनीबी उठून कायबी होईल!"

राक्षसाची शिंगं खाली झुकली. सारिकाच पुढे आली.

"काका, ल्हानपनी मी गोठ्यात तोंडाला सूप बांधून नाचायची. दरवर्षी बाबा दादाला शिकवायचे आन् मी दाराआडून शिकायची. दादाला कदीच आवडलं नाय ते. मला एकदा तरी नाचायचं होतं. पन कोनी विचारलंच नाय."

ओमकारला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली. आणि मुखवट्यात ती लाज घामासारखी कुठे पुसताही येईना.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आपल्या घरात म्हैसासूर आला कसा?"

'कसं काय' हा प्रश्न बाबांना त्या सोंगाबद्दल बहुतेक पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं.

"त्याचं असं झालं," ते शेवटी म्हणाले. "ज्यांच्या घरचं सोंग व्हतं ती मंडळी गाव सोडून गेली. मुखवटा पडून राह्यला. राक्षस कोन व्हनार? कोनी पुढं येईना. तवा माजा आजा उठला आन् म्हणाला, द्या हिकडं, मी घेतो."

"आजा? मग सात पिढ्या?"

"बोलायची पद्धत असती रे!" बाबा खेकसले. पण मग ते सारिकाकडे बघत राहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "आज्यालाबी लोकं नाय म्हणाली असतील. कायद्याला बी कदीतरी पयला दिवस असतोच. बांद पोरी मुखवटा. सोंग तुज्या घरचंच हाये."

सारिका मुखवट्याकडे निघाली. मग थांबली आणि म्हैसासुरासमोर येऊन उभी राहिली.

"ऑर्क वैद्य?"

"मान्य! मान्य! शाप संपला! आत्ताच संपला!"

मग सारिका नाचली. त्या नाचाबद्दल गावात अजून बोलतात. दाराआड साठलेली सगळी वर्षं तिने त्या मांडवात मोकळी केली. संबळवाला दमला, पण ती दमेना. अनंताकाका खुर्चीवर बसून डोळे पुसत गुडघ्यांवर ताल धरत होते. आणि शेवटी देवीने लाकडी तलवार उचलली. रविंद्र दरवर्षी ती हलकेच टेकवायचा. हे सारिकाला कोणी सांगितलं नव्हतं!

म्हैसासूर खराखुरा उताणा पडला. मुखवटा निघाला. खाली कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ!

त्या टेंगळावर हळदीचा लेप लावताना सारिका म्हणाली, "ऑर्काचा हात हाये हं. विष झालं तर सांग."

"आता काही होत नाही," ओमकार म्हणाला, आणि ते सुंदर वाक्य आजही बोलायचं राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी चटई पडली. सारिकाची ऑर्क वैद्य सुळे दाखवत येऊन बसली. ओमकार फासे मांडणार, तेवढ्यात कमळाकर लुंगी सावरत चटईवर टेकले.

"मलाबी एक पात्र पायजे."

"घ्या ना बाबा! बुटका योद्धा देऊ? की ऑर्क?"

"राक्षस नको आता," बाबा म्हणाले. "ती सुंदर असती ना, जादूवाली, लांब केसांची? ती दे. आन् लिहून ठेव तुज्या त्या लोरमदी, तिला कोनी मारायचं नाय."

ओमकारने तोंड उघडलं. मग कपाळावरच्या टेंगळाला हात लावला, आणि मोबाइल काढून लिहायला घेतलं.