अर्धा डेटा

देवधर सर टीव्हीवरच्या चर्चा आवाज बंद करून बघतात. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, टीव्ही बिघडलाय. तसं मी भीत भीत म्हटलंही.

"टीव्ही ठीक आहे," सर म्हणाले. "आवाज बंद केला की माणसं दिसतात. तो टायवाला बघ. समोरच्याचं वाक्य संपलेलं नाही, पण याने श्वास भरून घेतलाय. आता हा बोलणार."

आणि तो खरंच बोलला.

सर दिल्लीत आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. गप्पा मारताना दोन माणसं एकमेकांशी ताल कसा जुळवतात, हा त्यांचा अभ्यास. दोघांना चहा देऊन बोलायला बसवायचं, प्रत्येकावर वेगळा कॅमेरा लावायचा आणि कोण कधी हललं ते आम्ही विद्यार्थ्यांनी टिपायचं. टिपणाऱ्याला एकाच माणसाचं चित्रण मिळतं, तेही मुकं. दोघं दिसले की आपण मनानेच ताल जुळवून टाकतो, म्हणून. दोघांच्या नोंदी नंतर शेजारी ठेवायच्या. "एकटा माणूस म्हणजे अर्धा डेटा," हे सरांचं लाडकं वाक्य.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईने एकदा विचारलं, "तिकडे नेमकं काय शिकतेस गं?"

"माणसं मान कधी हलवतात ते."

आई म्हणाली, "आणि याला फी लागते?"

सर सरोजिनी नगरच्या बाजारात जोडप्यांच्या मागे मागे चालतात. दोघांची पावलं एकाच तालात पडतात का, ते बघायला. एकदा एका तरुणाने वळून विचारलं, "अंकल, हमारा पीछा कर रहे हो?"

"आपका नहीं बेटा," सर नम्रपणे म्हणाले, "आपके पैरों का."

तो भडकलाच. "प्रोफेसर हैं भैया, प्रोफेसर हैं," म्हणत मी सरांना कसंबसं बाहेर काढलं. ऑटोत बसल्यावर सर खुशीत म्हणाले, "चिडल्यावर दोघं एकदम वळले, पाहिलंस?"

माझ्यावर मात्र ते नाराज असत. एकदा म्हणाले, "आटपाट नगर होतं," आणि थांबले. मी आदराने वाट बघत राहिले. तेही वाट बघत राहिले.

"अगं, हुंकारा दे ना!"

"म्हणजे काय, सर?"

"घ्या! दिल्लीच्या पोरांचा हा शब्दच गेला. ऐकणाऱ्याने मधे मधे 'हं' म्हणायचं, तेव्हा गोष्ट पुढे जाते. तुम्ही एकदम शेवटी 'बिल्कुल सर' म्हणता."

मी प्रयत्न केला. सर म्हणाले, "उशिरा येतो तुझा. तू विचार करून 'हं' म्हणतेस."

सरांच्या घरी आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, असतात. पक्षाघातानंतर त्या बोलत नाहीत. त्यांना कितपत कळतं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सर रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतात आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबतात. मला ती सवय वाटायची.

मागच्या महिन्यात त्यांनी मला एक चित्रण दिलं. त्यात नुसता एक हात होता, चादरीवर ठेवलेला. "बोट हललं की टीप." नियमाप्रमाणे मी काही विचारलं नाही, पण चादर ओळखीची होती. म्हणून मी जास्तच कडक राहिले. जिथे शंका आली, ते सोडून दिलं.

मग सरांच्या घरी बसून आम्ही त्या सकाळच्या त्यांच्या वाचनाच्या नोंदी शेजारी ठेवल्या. वाचनाच्या नोंदी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने टिपल्या होत्या. सर थांबले होते, तिथे बहुतेक वेळा बोट हललं होतं.

सर हसले नाहीत. "योगायोग असेल, तर कुठल्याही दिवसाशी जुळेल," म्हणाले आणि त्याच हाताशेजारी वेगळ्या दिवसाचं वाचन ठेवलं. आता बोट भलत्याच जागी हलत होतं, वाक्याच्या ऐन मध्यात.

"नाही जुळत," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही जुळत गं!"

इतक्या आनंदाने 'नाही जुळत' म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता.

ते उठून आत गेले, काकूंच्या उशाशी बसले. मी दारात थांबले.

"सुधा, आटपाट नगर होतं," सर म्हणाले आणि थांबले.

"हं," माझ्या तोंडून निघून गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी वेळेवर.

सरांनी वळूनही न बघता हात वर केला.

"तू नको," ते हळूच म्हणाले. "हा हुंकारा तिचा आहे."