गज बांधणारे काशिनाथकाका

काशिनाथकाका सुतार यांच्यावर अन्याय झाला तो यंदा भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, सकाळी सव्वासहा वाजता, मुरबाडच्या एसटी स्टँडवर. तीस मुलं, त्यांचे आईबाप आणि टपरीवर चहा पिणारे दहा-बारा जण बघत होते. वेळ आणि जागा मुद्दाम लिहिते आहे. पुढेमागे कुणी "असं काही झालंच नाही" म्हणायला नको.

पण आधी माणूस कोण ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

हा माणूस घोड्याची फक्त शेपटी बघतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या लग्नात वरात आली. नवरदेव पांढऱ्या घोडीवर, तोंडावर मुंडावळ्या, बँडवाले घामाघूम. सगळं गाव पुढून बघत होतं आणि काका एकटेच मागे गेले. घोडीवाला घाबरला.

"ओ काका, नवरा म्होरं हाय."

"नवऱ्याला काय करायचाय? ही घोडी हाय का घोडा?"

"घोडी."

"मंग फुकट," काका म्हणाले. "घोडीच्या शेपटीला मूत लागतं. केस कुजतो. घोडा पायजे, घोडा!"

हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं, की मुलीच्या बापाला वाटलं जावयात काही खोट निघाली.

घोड्याचे केस लागतात व्हायोलिनच्या गजाला, म्हणजे तारांवर फिरवतात त्या काठीला. आठ वर्षांपूर्वी मुरबाडच्या एका संस्थेने शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या मुलांचा वाद्यवृंद काढला. व्हायोलिनं दानात मिळाली. दान म्हणजे दानच, निम्मे गज मोडके. तेव्हा संस्थेचे सचिव बैलगाड्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे आले. काकांनी मोडका गज दोन्ही हातांत धरून वाकवून बघितला आणि म्हणाले, "याला धामण पायजे." ज्या लाकडाचे आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे आणि धनुष्यं होतात, त्या धामणीचे गज या माणसाने तासून काढले. केसांसाठी कल्याणच्या टांगेवाल्यांशी दोस्ती केली. म्हशाच्या जत्रेत लोक बैलांचे दात बघत हिंडतात, तिथे हे "पांढरा घोडा कोनी आणलाय का?" विचारत हिंडले. दीडेकशे केसांचा झुबका मोजून विंचरायचा, दोन्ही टोकांना बांधायचा, राळ चोळायची. शिकवलं कुणी? कुणीही नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी प्रमाणपत्रं मिळवली, यांनी गज बांधले.

आणि सगळ्या जगाला एकच उपदेश: "वाजवून झालं, की ढिला कर." गज ताणलेला ठेवला तर लाकूड वाकतं, केस ओढला जातो. प्रत्येक गजाच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तो रोज सैल करायचा. पोरांना हे सांगून सांगून काकांना सवयच लागली. नवराबायको भांडताना दिसले, की "ढिला कर रे." मी रेशनच्या मोर्चात तहसील कचेरीसमोर ओरडत होते, तर गर्दीतून हे पुढे आले आणि माझ्या कानात म्हणाले, "जरा ढिली हो गो पोरी, तुटशील." मी घोषणाच विसरले.

यंदा वाद्यवृंदाला जर्मनीचं बोलावणं आलं. तीन शहरांत कार्यक्रम. सचिवांनी भर सभेत सांगितलं, की काशिनाथकाका वाद्यांची देखभाल करायला सोबत येणार. काकांनी पासपोर्ट काढला. चौकशीला हवालदार घरी आला.

"तिकडं कशाला चाललाय?"

"ढिले करायला."

"काय ढिले करायला?"

"गज. तीस हायेत. रोज दोनदा."

हवालदाराने बराच विचार केला आणि कागदावर लिहिलं, "मजुरी".

आता त्या सोमवारचं. काका पत्र्याची ट्रंक घेऊन, पायात नवे बूट घालून, पाचपासून स्टँडवर उभे. विमानतळावर जाणारी बस लागली. सचिव उतरले, व्हिसासाठी घेतलेला पासपोर्ट काकांच्या हातात परत ठेवला आणि म्हणाले, "काका, थोडा बदल झाला. तिकडचे नियम कडक असतात. टेक्निकल माणूस लागतो."

टेक्निकल माणूस बसमध्ये पुढच्या सीटवर बसला होता. सचिवांचा मेहुणा. त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. लाउडस्पीकर भाड्याने देतो, एवढाच त्याचा संगीताशी संबंध.

पासपोर्ट कोरा होता, व्हिसाचा शिक्काच नव्हता. व्हिसासाठी नावं जायची असतात ती स्टँडवरून जात नाहीत. तीन आठवडे आधीच यादी बदलली होती. तीन आठवडे हा माणूस बूट घालून अंगणात चालायची सवय करत होता, आणि संस्थेतला एक जण येऊन सांगेना! मी म्हणते, अन्याय करायचाच तर निदान वेळेवर करा. पण नाही. आयत्या वेळी उरकायचं, चारचौघांत, म्हणजे माणूस लाजेने गप्प बसतो.

काका "बरं" म्हणाले. ट्रंक खाली ठेवली, बसमध्ये चढले, आणि मेहुण्याला म्हणाले, "साहेब, वाजवून झालं की ढिले करायला लावा. तिकडं हवा कोरडी आसंल. ध्यानात ऱ्हाईल ना?" मेहुणा मोबाइलवर बोलत होता. त्याने मान हलवली. ती फोनवरच्या माणसाला होती.

पाचव्या दिवशी दुपारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. "काका, जर्मनी आलीय!" काका आणि मी धावलो. फोनवर उंबरमाळीची सुरेखा होती. पंधरा वर्षांची, पहिल्या रांगेत व्हायोलिन वाजवणारी. रडत होती. बूथवाल्याने स्पीकर लावला, म्हणून सगळं ऐकू आलं.

"काका, तीन गज मोडले. बाकीचे सगळे वाकडे झाले, केस तारेसारखे ताठ. संध्याकाळी प्रोग्रॅम हाय."

"ढिले केलेले का?"

"मेहुणे म्हनले, रोज रोज काय सोडबांध लावलीय, राहू दे तसंच. हितं खोल्यांत हीटर हायेत, काका."

झालं. आपल्या ओल्या हवेत बांधलेला केस त्या कोरड्या गरम खोलीत आखडला आणि लाकूड ओढत गेला. मला तर आनंदच झाला. खरं सांगते, लाज वाटत नाही. मी रिसीव्हरवर हात ठेवला. "काका, एक शब्द सांगू नका. आज स्टेजवर होऊ दे फजिती. कळू दे त्यांना टेक्निकल माणूस कोण ते."

काकांनी माझा हात बाजूला केला. "कळंल कोनाला गो? स्टेजवर पोरं उभी ऱ्हानार. सचिव नाय."

मग ते फोनमध्ये बोलू लागले, अगदी हळू, जसं काही तिला झोपवतायत. "सुरेखा, रडू नको. पयले सगळे स्क्रू ढिले कर. तुमच्या खोलीत न्हानीघर हाय? गरम पान्याचा नळ सोड, दार लाव, वाफ होऊ दे. त्यात गज टांग. तासभर. वाफंत टांग, पान्यात बुडवू नको. नंतर पंख्याबिंख्याखाली धरायचे नाय, आपोआप सुकू दे. आनि ज्यांचे मोडले, त्या तिघांनी आज बोटांनी छेडायचं."

"जमंल, काका?"

"जमंल. जेवलीस का? थंडी वाजते?"

जमलं. हॉटेलात टॉवेलच्या दांडीवर सत्तावीस गज टांगून पोरं वाफेत उभी राहिली, असं सुरेखाने दुसऱ्या दिवशी कळवलं. कार्यक्रम झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि इकडे पेपरात फोटो कुणाचा? मेहुण्याचा. हातात फुलांचा गुच्छ, खाली "तांत्रिक मार्गदर्शक".

मी तो पेपर घेऊन तणतणत काकांकडे गेले. पत्रक काढते, तालुकाभर वाटते, म्हणाले. काका ओसरीवर केस विंचरत बसले होते. मोडलेल्या तीन गजांच्या जागी नवे बांधायला घेतले होते.

"तुम्हाला जर्मनी बघायची होती ना? मग राग कसा येत नाही?"

"जर्मनी कशाला बघायची? आपल्याला काय तिकडं जिमीन घ्यायचीय?" ते हसले. मग झुबक्यातली एक गाठ सोडवली. "सचिव म्हनले होते, तिकडं कारागिराला म्होरच्या रांगेत खुर्ची देतात."

"मग?"

"आठ वर्सं झाली गो. परतेक प्रोग्रॅमला मी पडद्याच्या आत. हातात जादा गज. कोनाचा तुटला, की पळायचं. आतून नीट ऐकू येत नाय, निस्ता ढोल येतो. आनि पोरांच्या पाठी दिसतात. सुरेखाची वेनी वळखतो मी, बाबूची फाटकी कॉलर वळखतो. पन वाजवताना त्यांची तोंडं कशी होतात, ते मला ठाव नाय. हसतात का गो? का रडल्यासारखी दिसतात?"

मी प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि मुलांच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

मुलं परत आली आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुरबाडच्या शाळेच्या मैदानावर त्यांचा सत्कार आहे, नंतर वादन. मेहुण्याला शाल मिळणार आहे. मिळू दे. आमदार येतील, सभापती येतील, पहिली रांग चिठ्ठ्या चिकटवून अडवलेली असेल. तुम्ही मुरबाडचे असा, शहापूरचे असा, चारलाच या. पहिल्या रांगेतली अगदी मधली खुर्ची आहे तिच्यावरची चिठ्ठी काढा, कुणाचीही असो. पडद्यामागे जा, काकांच्या हातातले जादा गज काढून घ्या, आणि त्यांना आणून तिथे बसवा. वादनात कुणाचा ना कुणाचा केस तुटेलच, आणि हा माणूस धडपडत उठेल. तुमच्यातले दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसा, आणि त्यांना उठू देऊ नका.