वळायचं राहून गेलं

"मापात आपला हात धरणारा अजून जन्मायचाय!" टेलरमास्तरांनी सकाळी सकाळी जाहीर केलं. ऐकायला समोर फक्त शेजारचे सुतारकाका होते.

चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवून झाल्यावर मास्तरांनी हौसेनं एक छोटी होडी घेतली होती, आणि ती गाडीमागून तलावावर न्यायला दोन चाकांचा ट्रेलर. होडीत जागा दोन. एक मास्तरांची, एक काकूंची. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं काकू होडीत बसल्याच नव्हत्या. त्यांच्या जागेवर दोर, नांगर, पंप आणि लाइफ जॅकेटं यांनी बस्तान बसवलं होतं. मास्तरांना ते फार सलायचं. सामान हललं की बायको येईल, अशी त्यांची खात्री! म्हणून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, गाडी आणि होडी यांच्या मधोमध, सामानासाठी लाकडी पेटी करायची ठरली. कशासाठी ते मात्र काकूंना सांगायचं नाही.

"मास्तर, गाडी आणि पेटीत चारच बोटं राहतायत," सुतारकाका म्हणाले.

"चार बोटं म्हणजे ऐसपैस! कोटाला मी याच्या निम्मंही सोडत नाही."

"पण रस्त्यावर..."

"तुम्ही रंधा धरा हो! टेप माझ्याकडे!"

सुतारकाकांनी रंधा उचलला. तीन आठवडे ठोकाठोक चालली. पेटीला सोळा बोल्ट लागले, निळा रंग लागला, झाकणावर फोमची गादीसुद्धा शिवून झाली. काकू खिडकीतून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, दोराचं एवढं कौतुक! घरात माणूस आहे याचा पत्ता नाही!

रविवारी गाडीला ट्रेलर जोडला. मास्तर इकडेतिकडे बघत म्हणाले, "पेटी कशी दिसते रस्त्यावर, ते बघायला तरी चल."

काकू आल्या. घरासमोरचा रस्ता सरळसोट, त्यामुळे मास्तर शीळ घालत निघाले. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळले आणि कर्र्‌कन आवाज झाला! पेटीचा कोपरा गाडीच्या पाठीत रुतला. गाडी चौकात तिरकी उभी, ना पुढे ना मागे. मागे दुधाचा टँकर, त्यामागे पाववाला, आणि हॉर्नचा नुसता उच्छाद!

टँकरवाला उतरून आला. "काका, वळा ना!"

"वळत नाही."

"का?"

"पेटी आहे."

"मग मागे घ्या!"

"मागे तुम्ही आहात!"

काकूंनी खाली उतरून सगळा प्रकार बघितला आणि कपाळावर हात मारला. "अहो, चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत होतात, 'आता जरा बसून दाखवा.' या ट्रेलरला एकदा वळून दाखव म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. "तुझ्या जागेवरचं सामान काढायचं होतं गं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, मग तरी येशील."

काकू त्यांच्याकडे वळल्या. हॉर्न वाजतच होते.

"मी सामानामुळे येत नव्हते, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मग?"

"दोन वर्षांत एकदा तरी 'होडीत चल' म्हणालात?"

"तुझा गुडघा दुखेल म्हणून..."

"म्हणजे गुडघ्याला परस्पर विचारलंत! मला विचारायचं होतं!" मास्तरांना एकदम फार लाज वाटली.

टँकर मागे हटला. चौघांनी ढकलून गाडी सरळ केली. आता सरळ जाण्याशिवाय इलाज नव्हता. रस्ता संपला तिथे एक मोकळं मैदान होतं, तिथे मास्तरांनी गाडी थांबवली. मग काकूंना हाताला धरून पेटीवर चढवलं आणि पेटीवरून होडीत. त्यांची जागा स्वच्छ, मोकळी होती. काकूंनी पाय लांब केले. मास्तर समोर बसले. आजूबाजूला नुसती धूळ!

दूध पोचवून परतणाऱ्या टँकरवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काका, पाणी कुठाय?"

"बाटलीत आहे, हवंय का?" काकू म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी दोघं पोट धरून हसली. तासाभरानं मास्तर चाचरत म्हणाले, "घरी जायचं तर वळावं लागेल गं."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या, "आत्ता कुठे बसलेय मी."