खुर्ची रिकामी राहता कामा नये

डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याची उजवीकडची दाढ बरेच दिवस ठणकत होती. ही गोष्ट जगात कोणालाही कळली तरी चालेल, फक्त बायकोला कळता कामा नये, असं त्याने ठरवलं होतं. कारण बायको दातांचीच डॉक्टर होती आणि तिच्याकडे इंजेक्शनं होती. सुई नुसती दिसली तरी या माणसाला दरदरून घाम फुटायचा.

पण त्या रात्री जेवताना त्याने गार पाण्याचा घोट घेतला आणि तोंडातून "आईगंऽ" निघून गेलं.

"दाढ ना?" डॉक्टरीणबाईंनी ताटातून मान वर न करता विचारलं.

"छे! पाणी छान गार आहे, म्हणून."

"उद्या दवाखान्यात या. दोन पेशंटच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला की बघते."

मोकळा वेळ मिळाला की! हे शब्द ऐकले आणि नवऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो कारखान्यात नियोजन खात्यात होता. कोणत्या यंत्रावर कोणतं काम कधी चढवायचं, हे ठरवणं त्याचा धंदा. (कामगार त्याला पाठीमागे मिनिटराव म्हणत. त्याला वाटे, कौतुकाने म्हणतात.) कारखाना सध्या दुरुस्तीसाठी बंद होता आणि मिनिटराव घरी बसून उशांचे अभ्रे रंगाप्रमाणे लावत होता. इकडे दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई रजेवर गेलेल्या.

"अगं, काउंटरवर मी बसतो," तो म्हणाला. "तुझ्या अपॉइंटमेंटचा नुसता सावळागोंधळ आहे. प्रॉडक्टिव्हिटी दुप्पट करून दाखवतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बसा," म्हणाल्या. "पण माझ्या पेशंटना पळवून लावू नका म्हणजे झालं."

मिनिटरावचा हिशेब सरळ होता. मोकळा वेळच ठेवायचा नाही. मग दाढ बघणार कधी?

पहिला दिवस त्याने नुसतं निरीक्षण केलं आणि त्याचा जीव तीळ तीळ तुटला. निवृत्त मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या. तोंड उघडलं ते सुनेबद्दल सांगायला. त्या सुनेतून बाहेर आल्यावर इंजेक्शन झालं, आणि मग डॉक्टर आणि पेशंट दोघीही स्वस्थ बसून राहिल्या.

"आता काय चाललंय?" त्याने दारातून विचारलं.

"त्या बधिर होतायत."

"आणि तू?"

"मी थांबलेय. तेवढीच पाठ टेकते."

"पाठ घरी टेक! कारखान्यात असं कोणी थांबलं असतं ना, तर मी..."

संध्याकाळपर्यंत नवी पद्धत तयार झाली. इंजेक्शन दिलं की पेशंटने बाहेर बाकावर जाऊन बधिर व्हायचं, तेवढ्यात पुढचा आत. खुर्ची एक क्षणही रिकामी राहता कामा नये. दवाखान्यात मदतीला एक मावशी होत्या, बोलायला कमी आणि दंडाने भक्कम. त्यांना त्याने समोर उभं करून पढवलं.

"मावशी, बाकावरचा बधिर झाल्याशिवाय त्याला उठवायचं नाही. पण खुर्ची रिकामी दिसली, की जो हाताला लागेल त्याला आणून बसवायचं."

"कोणी का असेना?"

"कोणी का असेना."

"नको म्हणाला तर?"

"नको सगळेच म्हणतात, मावशी! ऐकायचं नाही."

मावशींनी मान डोलावली.

मग त्याने सगळ्या पेशंटना फोन केले, ते कारखान्यातल्या आवाजात. दुसऱ्या दिवशी यायचं टाळण्याची कोणाची छाती झाली नाही. सकाळी दवाखाना फुलून गेला. आत खुर्ची भरलेली आणि बाहेर बाकावर मुख्याध्यापिका, शिंपीकाका आणि ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर ओळीने बधिर होत बसलेले. तिघांचेही ओठ एका बाजूला उतरले होते. शिंपीकाकांनी पाणी प्यायलं, ते निम्मं सदऱ्याने प्यायलं. मुख्याध्यापिका अशाही अवस्थेत मास्तरांना सांगत होत्या, "हाझी हून ना..." आणि मास्तर नुसतेच "हं, हं" करत होते. (त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं.)

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "अहो, मला घोटभर चहाला तरी वेळ ठेवलात का?"

"संध्याकाळी ठेवलाय ना!"

त्या मास्क वर ओढून आत गेल्या. मिनिटराव मनातून खूश झाला. चहाला जिथे फुरसत नाही, तिथे दाढेला कुठून येणार? त्या आनंदात त्याने एक बिस्किट खाल्लं, अर्थात डावीकडून.

तेवढ्यात व्यायामशाळेचा एक धिप्पाड मास्तर आला. दवाखान्यात पहिल्यांदाच येत होता, आणि पुढचा नंबर त्याचाच होता. त्याची नजर बाकावर गेली.

"ह्यांना काय झालंय?"

"काही नाही, काम चालू आहे त्यांचं," मिनिटराव म्हणाला.

मुख्याध्यापिका त्याला धीर द्यायला हसल्या. अर्धाच चेहरा हसला. बाकीचा होता तिथेच राहिला, आणि हनुवटीवरून लाळेची एक धार लागली.

"माझी... माझी गाडी चुकीच्या जागी लावलीय," पहिलवान म्हणाला आणि दार ढकलून पसार झाला. (तो चालत आला होता.)

त्याला अडवायला मिनिटराव काउंटर सोडून धावला, आणि नेमका त्याच वेळी आतला पेशंट गाल धरून बाहेर आला. मागोमाग मावशी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मिनिटरावच्या दंडाला धरलं.

"चला. खुर्ची रिकामी आहे."

"अहो मावशी, मी नाही! हे तिघं बसलेत ना!"

"ते अजून बधिर व्हायचेत. उठवायचं नाही म्हणालात."

"मला नको!"

"नको सगळेच म्हणतात," मावशी म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. त्याचे पाय जमिनीला जेमतेम लागत होते.

"या, या," डॉक्टरीणबाई मास्कच्या आड प्रसन्न आवाजात म्हणाल्या. "आ करा."

"अगं, काउंटरवर कोणी नाहीय, आणि..."

तेवढं तोंड उघडलं, ते पुरलं. त्याने किंकाळी फोडली ती सुईच्या आधीच. मग गुडघ्यापर्यंत घाम, आणि सगळं उरकलं.

"झालं. आता बाहेर जाऊन बधिर व्हा. इथे बसून माझा वेळ घालवू नका."

मिनिटराव काउंटरमागे जाऊन बसला. ओठ कोणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटत होता. इतक्यात फोन वाजला. गाल बधिर, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला.

"हॅव्वो... दाफांचा दवाफाना..."

"कोण बोलतंय? जेवताय का?" पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "पुढची अपॉइंटमेंट माझी आहे."

"व्हो... व्हा ना..."

"हे तिथे उपचार घेतल्यावर झालंय का तुमचं?" बाईंनी विचारलं.

मिनिटराव मुळात सरळ माणूस. "व्हो," म्हणाला.

"मग माझी अपॉइंटमेंट रद्द करा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्याने मान वर केली. मावशी दारात उभ्या होत्या. त्याने घाईघाईने बाकाकडे बोट दाखवलं. बाकावरच्या तिघांनी एकाच वेळी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, आमच्या यांनाच आणा," आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "पुढच्या बाई येत नाहीत ना? मग चांगला भरपूर वेळ आहे. उजवीकडची काढते, आणि डावीकडची एक किडलेली दिसली मला, तीही उरकून टाकू. म्हणजे यांची प्रॉडक्टिव्हिटी दुप्पट!"